संध्याकाळी सातला बागेत कोण असतं? : बायका-मुलींच्या नजरेतून सार्वजनिक बाग तपासण्याची आणि बदलून घेण्याची पद्धत

महापालिकेच्या कुठल्याही बागेत संध्याकाळी सातच्या सुमारास एक चक्कर मारा आणि फक्त दोन गोष्टी मोजा. बसलेलं कोण आहे आणि चालणारं कोण आहे. बहुतेक ठिकाणी बाकांवर पुरुष दिसतील आणि बायका ट्रॅकवर, पायात बूट, भराभर फेऱ्या मारताना. एखादी बसलेली असलीच तर शेजारी मूल असतं, नाहीतर सासूबाई. मुंबईत २००३ ते २००६ या काळात 'पुकार' संस्थेच्या 'जेंडर अँड स्पेस' या अभ्यासात हेच पुन्हा पुन्हा दिसलं : सार्वजनिक जागेत बाईला 'मी इथे का आहे' याचं कारण अंगावर वागवावं लागतं. नुसतं टेकायला बाग तिची नसते.

यावर काही करायचं म्हणून आपण तक्रार करतो, 'बागेत असुरक्षित वाटतं'. वॉर्ड ऑफिसमधल्या माणसाला या वाक्याचं काय करायचं ते कळत नाही. तो फार तर ते पोलिसांकडे ढकलतो. पण 'मागच्या गेटपासून शौचालयापर्यंतचे तीन खांब बंद आहेत, सायंकाळी साडेसहानंतर त्या भागात कोणी जात नाही' असं लिहिलं की त्याला कागद पुढे सरकवावाच लागतो. हा सगळा खटाटोप भीतीचं असं भाषांतर करण्याचा आहे : खांब, फांदी, कडी, कुलूप. ही पद्धत नवी नाही. कॅनडातल्या टोरोंटोत 'मेट्रॅक' या संस्थेने १९८९ मध्ये महिला सुरक्षा तपासणीची पद्धत बसवली, आपल्याकडे दिल्लीच्या 'जागोरी' या महिला संस्थेने ती रस्त्यांवर वापरली, आणि २०१३ पासून 'सेफ्टीपिन' नावाचं मोबाइल अ‍ॅपही आहे. पण एका बागेसाठी अ‍ॅप लागत नाही. वही, टॉर्च आणि पाच-सहा बायका पुरतात.

कोणाला बरोबर घ्यायचं

पहिली चूक इथेच होते. बागेत रोज येणाऱ्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपलाच बोलावलं जातं. त्यांना बाग बरी वाटते, म्हणून तर त्या येतात! तुम्हाला हव्यात त्या न येणाऱ्या.

पाच ते आठ जणी पुरे. त्यांत एक आजी असावी, एक बाबागाडी ढकलणारी आई, कामावरून घरी जाताना बागेतून शॉर्टकट मारणारी किंवा तो मुद्दाम टाळणारी एखादी घरकामाची ताई, आणि घरच्यांच्या परवानगीने बारा ते सोळा वयाच्या दोन मुली. एकटी मुलगी नको, ती मोठ्यांपुढे गप्प बसते. चालायला त्रास होणारी किंवा कमी दिसणारी कोणी असेल तर तिला आधी विचारा. उंच पायरी आणि अंधार या दोन गोष्टी तिला आपल्या आधी कळतात.

न येणाऱ्या भेटतात कुठे? शाळा सुटताना फाटकाशी, अंगणवाडीत, भाजीच्या गाडीवर, बचत गटाच्या बैठकीत. त्यांना 'तुम्हाला बागेत सुरक्षित वाटतं का' असं विचारू नका. 'हो, तसं बरंय' असं उत्तर येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा : शेवटचं कधी गेला होतात? कोणत्या गेटने? कुठल्या बाजूला जात नाही? मुलीला किती वाजेपर्यंत पाठवता? तिच्या भावाला किती वाजेपर्यंत? शेवटच्या दोन उत्तरांमधला फरक लिहून ठेवा.

केव्हा जायचं

एकदा जाऊन भागत नाही. कामाच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि अंधार पडल्यावर, अशा तीन वेळा हव्यात, आणि जमल्यास एक रविवार. पुण्यासह अनेक शहरांत बागा दुपारी बंद ठेवतात. घरकाम, डबे, शाळा यांतून बाईला जी तासभर मोकळीक मिळते ती नेमकी दुपारची. ही वेळेची पाटीसुद्धा तपासणीचा भाग आहे.

ऋतूही बघा. पुण्या-मुंबईकडे जूनमध्ये सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास. दिव्यांचा टायमर कोणी बदलला नसेल तर थंडीत रोज बराच वेळ बाग अंधारात असते आणि कागदोपत्री सगळे दिवे चालू असतात. दुसरं म्हणजे मे महिन्यात केलेली तपासणी फसवी असते. पानगळ झालेली, झुडपं वाळलेली, सगळं आरपार दिसतं. तीच बाग सप्टेंबरमध्ये बघा : मेंदीचं कुंपण खांद्याएवढं, दिवे फांद्यांत बुडालेले. पाऊस ओसरल्यावरची फेरी सर्वांत खरी.

नकाशा

मोबाइलवरचा उपग्रह नकाशा उघडून त्यावरून हाताने एक ढोबळ आकृती काढा. गेट, पायवाटा, बाक, शौचालय, पंपघर, खेळणी, ओपन जिम, रखवालदाराची केबिन. दिव्याच्या खांबांवर क्रमांक असतात, ते टिपा. नसतील तर स्वतःचे क्रमांक द्या. नकाशा बागेच्या गेटपाशी थांबवू नका. बसथांबा किंवा रिक्षास्टँडपासून गेटपर्यंतचा पदपथ त्यात घ्या. बाग उत्तम आणि तिथवर जाणारी गल्ली काळोखी, असं असेल तर बाई बागेत पोचतच नाही.

उजेड

यावर सर्वांत जास्त वेळ घालवा, कारण इथे चुकीची मागणी सहज केली जाते. 'जास्त दिवे लावा' म्हटलं की एक प्रचंड फ्लडलाइट येतो. त्याच्याखाली उभं राहिलं की आपण सगळ्यांना दिसतो, आपल्याला पलीकडचं काही दिसत नाही. डोळे दिपतात आणि सावल्या आणखी काळ्या होतात. प्रश्न प्रखरतेचा कमी आणि सलगतेचा जास्त असतो.

कसोटी सोपी आहे. एका मैत्रिणीला दहा-बारा मीटरवर उभं करा. तिचा चेहरा ओळखू येतो का? तिच्या हातात काय आहे ते दिसतं का? नुसती आकृतीच दिसत असेल तर तिथे 'चेहरा दिसत नाही' असं नकाशावर लिहा. मग ट्रॅकवरून चालत जा आणि जिथे आपोआप पाय उचलला जातो तिथे थांबून वर बघा. बहुतेकदा खांब असतो, दिवा लागलेलाही असतो, पण प्रकाश झाडाच्या माथ्यावर पडतो. खांब उंच आणि फांद्या त्याखाली. अशा ठिकाणी नवा खांब नको. जुन्याच खांबावर खालच्या उंचीला दिवा बसवणं किंवा फांदी छाटणं पुरतं. तशी नेमकी मागणी करा.

शौचालयाचं दार, गेट, पायऱ्या आणि वळणं हे चार बिंदू उजेडात हवेतच. ज्या कोपऱ्यात रात्री कोणी जाऊ नये असं बागेचंच म्हणणं आहे, तिथे मात्र दिवा लावून लोकांना बोलावू नका. सगळी बाग लख्ख करण्यापेक्षा एक पूर्ण उजळलेली फेरी, गेटपासून गेटपर्यंत, जास्त उपयोगाची. पाखरांनाही तेवढीच झोप मिळते.

आरपार दिसणं

पायवाटेलगतचं झुडूप गुडघ्याच्या थोडं वर, म्हणजे दोन-अडीच फूट, आणि झाडाची सर्वांत खालची फांदी सात-आठ फुटांवर. मधला पट्टा मोकळा राहिला की बसलेल्या आणि चालणाऱ्या दोघींनाही दूरवर दिसतं. हे माळ्याला समजावून सांगितलं तर तो बऱ्याचदा कागदाविना करतो. मोठ्या फांद्यांचं मात्र तसं नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांना १९७५ चा वृक्ष संरक्षण व जतन कायदा लागू आहे, परवानगी लागते. 'सुरक्षेसाठी झाड तोडा' अशी मागणी कधीही करू नका. बाई आणि झाड अशी लढत लावून देणारे पुष्कळ असतात.

भिंतीचं काय? सहा फुटांची पक्की भिंत सुरक्षित वाटते ती बाहेरून. आत अडकलेलीला ती अडचणच असते, रस्त्यावरून कोणाला काही दिसत नाही. दादरचं शिवाजी पार्क आठवा. चारही बाजूंनी बुटका कट्टा, कुठूनही आत, कुठूनही बाहेर. त्या कट्ट्यावर रात्री उशिरापर्यंत बायका, पोरी, म्हाताऱ्या निवांत बसलेल्या दिसतात. प्रत्येक बागेला कट्टा शक्य नाही, पण भिंतीच्या वरच्या भागात जाळी बसवता येते.

गेटची कुलुपं मोजा. तीन गेटं आणि दोन कायमची बंद, कारण रखवालदार एकच. बागेच्या टोकाला कोणी मागे लागलं तर तिने परत संपूर्ण फेरी मारून यायचं का? किमान बाग उघडी असेल तेवढा वेळ दुसरं गेट उघडं हवं. फिरकं गेट लावलं तर दुचाकीही आत येत नाहीत. फक्त बाबागाडी आणि व्हीलचेअर जाईल एवढी वेगळी वाट ठेवायला सांगा.

शौचालय

दाराला आतून कडी आहे का, दिवा आहे का, नळाला पाणी आहे का, पॅड टाकायला डबा आहे का. किल्ली कोणाकडे असते? 'रखवालदाराकडे मागायची' हे उत्तर आलं तर शौचालय बंद आहे असंच लिहा. पंधरा वर्षांची मुलगी केबिनमधल्या काकांकडे जाऊन किल्ली मागणार नाही. दार पंपघरामागे किंवा झाडीकडे उघडत असेल तर तेही टिपा. निदान त्या समोरची झाडी हलवता येते.

मोठ्या मुली कुठे जातात

बागेत आठ-नऊ वर्षांच्या मुली भरपूर दिसतात. तेरा-चौदाच्या कमी दिसतात. घसरगुंडीवर '१२ वर्षांखालील मुलांसाठी' अशी पाटी असते, मैदानाच्या तुकड्यावर मुलांचं क्रिकेट चालू असतं, ओपन जिमवर दादा लोक. त्या वयाच्या मुलीसाठी बागेत अक्षरशः काही केलेलं नसतं. मग ती येत नाही, आणि आपण म्हणतो, 'आजकालच्या मुलींना मोबाइलच लागतो.'

व्हिएन्ना शहराने १९९०च्या दशकात हाच प्रश्न अभ्यासला. साधारण दहाव्या वर्षानंतर मुली बागेतून दिसेनाशा होतात, मुलांची संख्या तशी घटत नाही, असं आढळलं. कारण जागेच्या झटापटीत मुली माघार घेत होत्या. १९९९ मध्ये मार्गारेटेन भागातल्या दोन बागा नव्याने आखल्या गेल्या : एका मोठ्या मोकळ्या पटांगणाचे छोटे तुकडे केले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, पायवाटा सुधारल्या. मुली परत दिसू लागल्या. कुठेही 'फक्त मुलींसाठी' अशी पाटी लागली नव्हती.

आपल्याकडे हे स्वस्तात होतं. बॅडमिंटनच्या रेषा मारायला रंगाचा डबा लागतो. खो-खोचे दोन खांब रोवायला एक दिवस. महाराष्ट्राच्या मुली खो-खोत देशभर नाव काढतात, आणि वस्तीतल्या बागेत त्यांना धावायला पट्टा नसतो. मोठ्यांना पेलतील असे दोन-तीन झोपाळे एकमेकांच्या जवळ, समोरासमोर बसता येईल असा एक कट्टा, आणि पटांगणाचं वेळापत्रक. वेळापत्रक कागदावर ठेवून भागत नाही. संध्याकाळी पाच ते सहा मुलींचा खो-खो असेल तर पहिले काही आठवडे एखादी ताई तिथे उभी राहायला हवी.

मुलींशी बोलताना वडीलधाऱ्यांना जरा दूर पाठवा. चिठ्ठ्या द्या, नाव लिहायला लावू नका. 'कुठली जागा आवडते, कुठली नाही आणि बाग तुझी असती तर काय केलं असतंस' एवढे तीन प्रश्न बास. बोलता बोलता एखादी मुलगी छळाचं काही सांगू शकते, त्याची तयारी आधीच ठेवा. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अठराखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक हाताशी असू द्या. आणि तिला प्रश्नांनी पिंजून काढू नका, ते तपास करणाऱ्यांचं काम.

रखवालदार, कॅमेरा आणि 'संस्कृतिरक्षण'

रखवालदार केबिनमध्ये बसतो की फेरी मारतो? त्याच्याकडे तक्रार करायची तर कशी, त्याने पुढे काय करायचं, हे त्याला कोणी सांगितलंय का? त्याला दोष देण्याआधी त्याच्याशी बोला. कंत्राटावरचा, बारा-बारा तास उभा माणूस बागेची सगळी कुंडली सांगतो. महिला रक्षक नेमण्याची मागणी जरूर करा, पण तिच्यासाठी शौचालयाची आणि बसण्याची सोय आहे का तेही विचारा.

कॅमेरा घटना घडून गेल्यावर कामाला येतो, तोही चालू असेल तर. चित्रण कोण बघतं, किती दिवस राहतं, हे विचारल्याशिवाय कॅमेऱ्याला सुरक्षा म्हणू नका.

आता एक वादाचा मुद्दा, आणि माझं मत ठाम आहे. बैठकीत कोणीतरी हमखास म्हणतं, 'ती जोडपी आधी हाकला, मग बाग सुरक्षित होईल.' हाकलून बघा. जोडप्यांनंतर भेळवाला जातो, मग उन्हातून सावलीला आलेला मजूर, मग 'उगाच बसलेल्या' मुली. सगळे गेल्यावर उरते ती रिकामी बाग, आणि बाईला खरी भीती तिचीच असते. गेटवरचा भेळवाला, फुगेवाला, कणसं भाजणारी मावशी हे बागेचे डोळे आहेत. वागणुकीवर बोट ठेवा : शेरेबाजी, पाठलाग, दारू पिऊन धिंगाणा. माणसाच्या असण्यावर ठेवू नका.

कागद

फेऱ्या संपल्यावर आठवड्याच्या आत एकत्र बसा, नाहीतर सगळं विसरतं. पाच रकाने आखा : ठिकाण, काय दिसलं, केव्हा, काय करावं, कोणतं खातं. फांद्या आणि बाक उद्यान विभागाकडे, दिवे विद्युत विभागाकडे, शौचालय बऱ्याच ठिकाणी घनकचरा किंवा आरोग्य विभागाकडे, गेटबाहेरचा पदपथ पथ विभागाकडे, गस्त पोलीस ठाण्याकडे. प्रत्येक खात्याला वेगळं पत्र. सगळं एका पत्रात घातलंत तर ते पाच टेबलांवर फिरून तुमच्याकडेच परत येईल.

पत्राचा नमुना :

'प्रति, उद्यान विभाग, … क्षेत्रीय कार्यालय. विषय : … उद्यानातील पायवाटेलगतची झुडपे व फांद्या छाटण्याबाबत. महोदय/महोदया, आम्ही परिसरातील महिला व मुलींनी दि. … रोजी सकाळी, दुपारी व सायंकाळी उद्यानाची पाहणी केली. खांब क्र. … ते … या भागात झुडपांची उंची पाच फुटांपेक्षा जास्त असून पलीकडचे दिसत नाही. दोन दिव्यांचा प्रकाश फांद्यांमुळे पायवाटेवर पोहोचत नाही. झुडपे अडीच फुटांपर्यंत छाटावीत व फांद्यांबाबत नियमानुसार कार्यवाही करावी. नकाशा व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. आपण दि. … पर्यंत संयुक्त पाहणीसाठी वेळ द्यावा, ही विनंती.'

'संयुक्त पाहणी' हे दोन शब्द सोडू नका. अधिकारी अंधार पडल्यावर बागेत आले पाहिजेत, सकाळी अकराला नव्हे. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, आणि फोटोंत अनोळखी माणसांचे, विशेषतः मुलांचे, चेहरे येऊ देऊ नका.

महिना उलटूनही हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. देखभालीच्या कंत्राटाची प्रत आणि रखवालदारांच्या पाळ्यांचा तक्ता मागा. कंत्राटात किती माणसं लिहिलीत आणि बागेत किती दिसतात, हे शेजारी शेजारी ठेवलं की संभाषणाचा सूर बदलतो. नव्या कामाला पैसे लागणार असतील तर नगरसेवकांकडे अंदाजपत्रकाच्या आधी जा. पुण्यात २००६ पासून नागरिकांना प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकात सुचवता येतात. तुमच्या शहरात महिला व बालकल्याण समिती असेल तर तिच्यापुढेही हाच नकाशा ठेवा.

तोवर बाग भरा

फांद्या छाटायला वेळ लागेल. तेवढ्यात बागेत जाऊन बसा. ८ मार्चला बॅनर लावून केलेला कार्यक्रम नको. दर मंगळवारी साडेसहा वाजता, त्याच बाकांवर, असं काहीतरी. भिशी हॉटेलऐवजी बागेत घ्या. वाचनाचा गट, योगवर्ग, मुलींचा खो-खोचा सराव. नवरात्रात भोंडला सोसायटीच्या पार्किंगमध्ये कोंबण्याऐवजी बागेत धरा, खिरापत ओळखायला रखवालदारालाही बोलवा. सुरुवातीला नकाशावरच्या बऱ्या जागी बसा आणि हळूहळू टाळलेल्या कोपऱ्याकडे सरका.

काही घडलंच तर

धोका आत्ता असेल तर ११२. महिला हेल्पलाइन १८१ आणि १०९१. ओरडायला लाजू नका, आणि 'वाचवा'पेक्षा 'ओ निळा शर्ट, मागे का येताय?' असं नेमकं ओरडा. आजूबाजूच्यांना कोणाकडे बघायचं ते कळतं. तुम्ही बघणाऱ्या असाल तर त्या मुलीजवळ जाऊन ओळखीच्या असल्यासारखं बोलायला लागा. बऱ्याचदा तेवढ्यानेच तो माणूस वाट बदलतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. अश्लील शेरे, नको असलेला स्पर्श, लैंगिक मागणी यांना कलम ७५, पाठलागाला ७८, शब्द किंवा हावभावांनी विनयभंगाला ७९, विनयभंगाच्या हेतूने केलेल्या हल्ल्याला किंवा बळजबरीला ७४. या तक्रारी महिला पोलीस अधिकारी किंवा अन्य महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायच्या असतात. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' म्हणून पोलीस ठाणं गुन्हा नोंदवायला नकार देऊ शकत नाही, हद्द नंतर ठरते. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. घरी मात्र त्या मुलीचं बागेत जाणं बंद करू नका. ते केलं की पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

पुन्हा फेरी

तीन महिन्यांनी त्याच जणी, त्याच वेळा, तोच नकाशा. झालेल्या कामापुढे तारीख लिहा, न झालेल्यापुढे आवक क्रमांक. आणि सुरुवातीला केलेली मोजणी परत करा : सातला बसलेल्या बायका किती, बारा ते सोळाच्या मुली किती. दिवे सगळे लागलेत पण हे दोन आकडे हलले नसतील, तर प्रश्न दिव्यांचा नव्हता. पुन्हा शाळेच्या फाटकाशी जाऊन विचारायला लागा.